ताण आणि आयुर्वेद: औषधाआधी वेगांविषयी बोलूया

रानवाट

ताणावर आयुर्वेदात काय आहे असं कुणी विचारलं की अश्वगंधा, ब्राह्मी आणि शिरोधारा (कपाळावर तेलाची संथ धार धरणं) ही तीन नावं लगेच येतात आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच थांबते. या तिन्हींना माझा विरोध नाही. पण चरकसंहिता वाचताना सतत जाणवतं की औषध तिथे बरंच उशिरा येतं. माणूस झोपतो किती, जेवताना त्याचं मन कुठे असतं, तो काय दाबून धरतो आणि झेपत नसलेलं काय अंगावर घेतो, याची विचारपूस आधी आहे. तिच्यावर कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हा धागा. मी वैद्य नाही, संहिता मुळातून वाचायची आवड आहे इतकंच. जाणकारांनी भर घालावी.

चरकसंहितेच्या सूत्रस्थान या पहिल्या विभागातला सातवा अध्याय 'नवेगान्धारणीय' नावाचा आहे. शरीराचे तेरा वेग, म्हणजे आतून येणाऱ्या नैसर्गिक प्रेरणा, अडवू नयेत असं तिथे सांगितलंय. मल, मूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान हे ऐकून माहीत असतं. त्याच यादीत अश्रू आहेत, झोप आहे आणि श्रमाने लागलेला दमही आहे, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. प्रत्येक वेग अडवल्याने काय होतं आणि त्यावर काय करावं, हेही तिथेच आहे. अश्रू दाबले तर सर्दी, डोळ्यांचे विकार, हृद्रोग, अरुची, चक्कर. उपाय तीन: झोप, मद्य आणि 'प्रियाः कथाः', म्हणजे मनाला आवडतील अशा गप्पागोष्टी. (सांगताना लोक मद्य गाळतात. ग्रंथात आहे ते आहे असं सांगावं, असं माझं मत. मात्र त्याच संहितेत मदात्ययावर, म्हणजे मद्यामुळे होणाऱ्या विकारांवर, चिकित्सास्थानात अख्खा अध्याय आहे हेही लगेच सांगावं. ताणावर मद्य हा सल्ला आज कुणी कुणाला देऊ नये.)

श्रमनिःश्वास, म्हणजे श्रमाने लागलेला दम, अडवण्याचे परिणाम म्हणून गुल्म (पोटातली गाठ), हृद्रोग आणि संमोह (भान हरपणं) सांगितलेत. उपाय पहिल्याच शब्दात: विश्राम. नंतर वातशामक क्रिया.

आता त्याच अध्यायाची दुसरी बाजू. काही वेग मात्र आवरायचे आहेत: लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जपणा, ईर्ष्या, अतिआसक्ती, दुसऱ्याच्या वस्तूची हाव. वाणीचेही वेग आहेत, कठोर बोलणं, गरजेपेक्षा जास्त बोलणं, चहाडी, खोटं, अवेळी बोलणं. म्हणजे शोक आवरा, पण अश्रू अडवू नका! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी इथे बराच वेळ अडखळले. माझ्यापुरता मी अर्थ असा लावते की दुःखामागे फरपटत जाऊ नये, पण डोळ्यांत आलेलं पाणी शरीराचं आहे, त्याला वाट द्यावी. आपण आज नेमकं उलट करतो. रडू गिळतो, झोप पुढे ढकलतो, भूक लागली तरी 'हे एवढं संपवून उठू' म्हणतो, आणि राग तेवढा घरच्यांवर मोकळा सोडतो. ताणाचं इतकं अचूक वर्णन मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही.

अजून दोन जागा. याच संहितेच्या विमानस्थान या विभागात म्हटलंय की योग्य मात्रेत घेतलेलं, पथ्यकर अन्नसुद्धा पचत नाही, जर चिंता, शोक, भय, क्रोध, त्रासदायक अंथरूण किंवा जागरण असेल. आणि सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रत्येक गटात सर्वांत प्रभावी काय, याची लांबलचक यादी आहे. त्यात 'अयथाबलमारम्भः प्राणोपरोधिनाम्' असं येतं. प्राणाला अडथळा आणणाऱ्या गोष्टींत पहिला क्रमांक बळाबाहेरचं काम अंगावर घेण्याचा. त्याच यादीत रोग वाढवणाऱ्यांत विषाद अग्रणी आहे, तृप्ती देणाऱ्यांत हर्ष, थकवा घालवणाऱ्यांत स्नान.

माझं म्हणणं एवढंच की ही पानं ओलांडून थेट गोळीकडे गेलो तर आयुर्वेदाकडून आपण फारच थोडं घेतलं.

*

कुतूहल

सुंदर लिहिलंय. पण सरळ विचारते, राग नसावा. रोज रात्री डोक्यात चक्र सुरू होतं, झोप लागायला खूप वेळ जातो. अश्वगंधा घ्यावी का? किती दिवस? आणि माझी प्रकृती वाताची आहे असं एका ऑनलाइन चाचणीत आलं, तिच्यावर किती विसंबायचं?

*

अनाहत

मी आयुर्वेदाची पदवी घेऊन व्यवसाय करतो. रानवाट ताईंनी वेगांपासून सुरुवात केली हे मला फार आवडलं. रुग्ण समोर बसला की मीही आधी हेच विचारतो. लोक 'टेन्शन आहे' म्हणून येतात, आणि चार प्रश्नांत कळतं की दुपारचं जेवण रोज चुकतंय आणि पोट साफ नाही.

कुतूहल, प्रश्नावलीतून निघालेली प्रकृती म्हणजे अंदाज. त्यातही एक घोळ नेहमी होतो. प्रकृती जन्मापासूनची असते, विकृती आत्ताची. चाचणी भरताना माणूस सध्याचा त्रास लिहितो: झोप नाही, मन अस्थिर, कोरडेपणा. मग उत्तर 'वात' येणारच. यातून एवढंच कळतं की आत्ता वात वाढलेला असू शकतो. भावना आणि दोषांचा संबंध चरकाच्या ज्वरावरच्या अध्यायात थोडक्यात सांगितलाय, 'कामशोकभयाद्वायुः क्रोधात् पित्तम्'. भीती आणि शोकाने वात, रागाने पित्त. मनाचे स्वतःचे दोष दोनच, रज आणि तम. आणि त्यांच्यावरचा उपाय म्हणून चरक पाच गोष्टींची नावं घेतो: ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती, समाधी. एकही वनस्पती नाही त्यात.

अश्वगंधेबद्दल: रुग्ण न पाहता मात्रा सांगणार नाही. गर्भवती आहात का, थायरॉइडची गोळी सुरू आहे का, यकृताचा काही त्रास आहे का, झोपेचं किंवा मधुमेहाचं औषध चालू आहे का, हे कळल्याशिवाय कुणीही सांगू नये. ज्यांची भूक मंद आहे, जिभेवर जाड थर असतो, त्यांना अश्वगंधा दुधातून घेतली की जडपणा वाढतो असा माझा अनुभव आहे. तिथे आधी अग्नीकडे, म्हणजे पचनशक्तीकडे, बघावं लागतं.

*

सूक्ष्मदर्शी

मी औषधशास्त्रात काम करतो. चर्चा चांगली चाललीय म्हणून दोन बाजू मांडतो.

आधी अनुकूल बाजू. पचनाबद्दलचं ते वचन आजच्या शरीरशास्त्राशी जुळतं. भीती किंवा चिंता असताना अनुकंपी चेतासंस्था (धोक्यात शरीराला सज्ज करणारी) जोर धरते, जठर आणि आतड्यांकडे जाणारं रक्त कमी होतं, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढू शकते. म्हणून काहींना भूक लागत नाही आणि काहींना परीक्षेआधी पुन्हापुन्हा शौचाला जावं लागतं. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. उंदरांना वेगवेगळ्या प्रकारे इजा केली, थंडीत ठेवलं, अतिश्रम करायला लावले, तरी शरीराची प्रतिक्रिया सारखीच दिसली: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. धोक्याची सूचना, प्रतिकार आणि शेवटी थकून जाणं अशा तीन अवस्था त्यांनी मांडल्या. 'अयथाबलमारंभ' वाचताना मला ती तिसरी अवस्था आठवली. पण दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. एक निरीक्षणातून आलेलं सूत्र आहे, दुसरा प्रयोग. साम्य दिसलं की 'आमच्याकडे हे आधीच होतं' म्हणण्याचा मोह होतो, त्याने दोन्हींचा अभ्यास थांबतो.

आता काळजीची बाजू. अश्वगंधेवर माणसांमध्ये चाचण्या झाल्या आहेत. ताण आणि झोपेच्या मापनात काही सुधारणाही दिसली आहे. पण त्यातल्या बहुतेक लहान आहेत, दोन-तीन महिन्यांच्या आहेत, आणि प्रत्येकीत अर्क वेगळा. वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं हे त्यातून कळत नाही. अश्वगंधा घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, संख्या कमी असली तरी. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती बंदी योग्य की अतिसावध, यावर वाद होऊ शकतो, पण 'नैसर्गिक आहे, घ्या बिनधास्त' हे वाक्य यानंतर कुणी वापरू नये.

सर्पगंधेची गोष्ट याहून बोलकी. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि मनोविकारांवर तिच्या उपयोगाविषयी लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा लेख 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं केलं गेलं. पुढे ते घेणाऱ्या काही रुग्णांत नैराश्य दिसू लागलं आणि त्याबद्दलचा इशारा औषधासोबत कायमचा जोडला गेला. मन शांत करणारी मुळी मन खचवूही शकते, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. आजही 'शांत झोपेच्या' काही मिश्रणांत सर्पगंधा असते. डबीवरचे घटक वाचा.

*

अनाहत

सूक्ष्मदर्शी, सर्पगंधेचा मुद्दा मांडलात ते उत्तम. ती वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नये याबद्दल दुमत नाही.

एक भर. ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, बॅकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका. दुसरी खरं तर मंडूकपर्णी. चरकाने मेध्य रसायन, म्हणजे बुद्धीला पोषक औषध, म्हणून चार सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा रस), दुधाबरोबर यष्टीमधूचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला गोळा). यष्टीमधू म्हणजे ज्येष्ठमध, तो जास्त दिवस घेतला तर रक्तदाब वाढू शकतो, पोटॅशियम कमी होऊ शकतं. ताणाबरोबर रक्तदाबही असलेला माणूस हे वाचून ज्येष्ठमध सुरू करेल, म्हणून मुद्दाम लिहिलं. जटामांसी मी शक्यतो टाळतो, कारण हिमालयातली ही वनस्पती आता अतिसंकटग्रस्त गणली जाते.

*

निर्झर

सगळं वाचलं. मनापासून लिहिते. माझे सासरे अंथरुणाला खिळून आहेत. रात्री दोनदा-तीनदा उठावं लागतं. दिवसा नोकरी. वेग अडवू नका, झोप अडवू नका, बळाबाहेर काम घेऊ नका हे वाचायला फार छान आहे, पण मी काय सोडू? सासऱ्यांना सोडू? ज्यांच्याकडे पर्याय आहे त्यांनाच आयुर्वेद लागू होतो का? कृपया उपदेश नको, खरंच विचारते आहे.

*

शेवंती

निर्झर, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात खरा प्रश्न आहे. रानवाट, उत्तराची वाट बघते.

*

रानवाट

निर्झर, प्रश्न विचारलात हे बरं केलंत. संहिताकारांपुढे रात्री जागणारी माणसं नव्हती असं समजू नका. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोप न येण्याची कारणं मोजली आहेत, त्यात पहिलं नाव 'कार्य' आहे, म्हणजे काम. वय, रोग, प्रकृती, वात हे त्याच्यानंतर.

दिवसा झोपू नये हा नियम सगळ्यांना पाठ असतो, त्याचे अपवाद मात्र कुणी सांगत नाही. ते त्याच अध्यायात आहेत: रात्री जागलेले, ओझं वाहून किंवा चालून थकलेले, क्रोध-शोक-भयाने दमलेले, वृद्ध, बालक, कृश. या सगळ्यांना दिवसा झोपायला परवानगी आहे. तुम्ही त्यातल्या दोन-तीन गटांत बसता. वाग्भट या चरकानंतरच्या आयुर्वेदाचार्याने तर मापही दिलंय. सवय नसताना जागरण झालं, तर जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावं. नोकरीच्या दिवशी हे जमणार नाही, मला कळतं. सुट्टीच्या सकाळी जमेल. त्या सकाळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सासऱ्यांपाशी बसायचं, आणि हे मागताना तुम्ही आळस करत नाही आहात, शास्त्रानेच दिलेली गोष्ट मागताय, असं ठणकावून सांगा.

बळाबाहेरच्या कामाबद्दल. तिथे 'काम सोडा' असा शब्द नाही, 'बळ बघून आरंभ करा' असं आहे. बळ एकाच माणसाचं मोजलं तर सेवा हे कायमच बळाबाहेरचं काम ठरेल. रुग्णाची काळजी एकट्या बाईच्या अंगावर टाकून घर निवांत झोपत असेल, तर अपथ्य घराचं चाललंय, तुमचं नाही. हे मी फार तळमळीने लिहिते आहे, कारण ताणावरच्या बहुतेक लेखनात सगळी सुधारणा त्या दमलेल्या माणसानेच करायची असते.

*

अनाहत

रानवाट ताईंना पूर्ण अनुमोदन. निर्झर ताई, वैद्य म्हणून दोन लहान गोष्टी सांगतो, वेळ जाणार नाही अशा. झोपण्याआधी तळपायांना कोमट तिळाचं तेल चोळा, पाचेक मिनिटं. डोकं, कान आणि पाय इथे अभ्यंग, म्हणजे तेल चोळणं, विशेष करावा असं वाग्भटाने म्हटलंय, आणि अभ्यंगाच्या गुणांत श्रम घालवणं आणि झोप आणणं दोन्ही आहेत. पूर्ण अंगाला वेळ नसेल तर पाय पुरे. चोळल्यावर तळवे पुसून घ्या, रात्री उठताना पाय घसरायला नको. दुसरं, रात्री उठावं लागतं तेव्हा मोबाइल हातात घेऊ नका. इंद्रियांचा त्यांच्या विषयांशी अयोग्य संबंध, ज्यात अतियोग म्हणजे अतिवापरही येतो, हे चरकाने रोगाच्या तीन मूळ कारणांतलं एक मानलंय, आणि मध्यरात्री डोळ्यांना मिळणारा तो प्रकाश परत झोप लागू देत नाही.

आणि सत्त्वाबद्दल थोडं. रुग्णपरीक्षेच्या दहा मुद्द्यांत 'सत्त्व' म्हणजे मनाची ताकद हा एक मुद्दा आहे. प्रवर (उत्तम), मध्यम, अवर (कमी) असे तीन प्रकार. मध्यम सत्त्वाची माणसं दुसऱ्यांकडे बघून स्वतःला सावरतात किंवा दुसरे त्यांना सावरतात, असं स्पष्ट लिहिलंय. आपण बहुतेक सगळे त्यातलेच. आधार लागणं हे तिथे माणसाचं वर्णन आहे, दोष नाही.

*

निर्झर

दोघांचे आभार. झोपेचं ते निम्म्या वेळेचं आज घरी वाचून दाखवलं. येत्या रविवारी सकाळी दीर येऊन बसतो म्हणाला आहे.

*

शेवंती

मला वेगळ्या बाजूने विचारायचंय. माझी चिंताविकारासाठी मानसोपचारतज्ज्ञांची गोळी सुरू आहे आणि तिचा मला नक्की उपयोग झालाय. ओळखीतले सांगतात की गोळी सोड, पंचकर्म कर, मुळापासून जाईल. शिरोधारेबद्दल खूप ऐकलंय. दोन्ही बरोबर चालतं का?

*

सूक्ष्मदर्शी

शेवंती, आधी हे: गोळी स्वतःहून बंद करू नका. अशी बरीच औषधं एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असा त्रास होतो, शिवाय मूळ आजार परतण्याचा धोका. कमी करायची झाली तर ज्यांनी दिली त्यांच्याच देखरेखीखाली, हळूहळू. आणि पोटातून काहीही घेणार असाल, अगदी काढासुद्धा, तर दोन्ही डॉक्टरांना दोन्हीकडची नावं सांगा. चिंतेच्या गोळ्यांतल्या काही गुंगी आणणाऱ्या असतात. त्यात अश्वगंधा किंवा जटामांसीची भर पडली तर गुंगी वाढू शकते.

*

अनाहत

हेच मीही सांगतो. 'गोळी सोड' म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, सल्ला धोकादायक आहे.

शिरोधारा बाहेरून केली जाते, त्यामुळे गोळीबरोबर ती करताना सहसा अडचण येत नाही, पण आधी तपासणी हवी. डोक्याला तेल देण्याचे वाग्भटाने चार प्रकार सांगितलेत, अभ्यंग, सेक (धार), पिचू (तेलात भिजवलेला कापूस ठेवणं), बस्ती (डोक्यावर तेल साठवून ठेवणं), आणि ते उत्तरोत्तर अधिक गुणकारी मानलेत. धारा सेकात येते. ती करताना माणसाला बराच वेळ नुसतं पडून राहावं लागतं, कुणी बोलत नाही, हातात काही नसतं. तिच्या परिणामात या निवांतपणाचा वाटा किती आणि तेलाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. रुग्णाला बरं वाटतं, हे मी पाहतो. पण चिंताविकार 'मुळापासून' घालवण्याची हमी कुणी देत असेल तर तिथून उठा.

सत्त्वावजय ही चरकाची तिसरी चिकित्सा, अहितकर विषयांपासून मनाला आवरणं. मानस रोगात त्या विषयातल्या जाणकाराकडे जावं, 'तद्विद्यसेवा', असंही त्याने सांगितलंय. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे जाता, ते या वचनाला धरूनच आहे असं मी मानतो.

आणि सर्वांसाठी: झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, वजन उतरत असेल, छातीत दुखत असेल, किंवा जगणं नको असं मनात येत असेल, तर तेल-काढ्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, घरातल्या कुणालातरी बोलून दाखवा.

*

कुतूहल

अनाहत, तुम्ही विचारलेल्यांपैकी थायरॉइडची गोळी माझी सुरू आहे. म्हणजे अश्वगंधेचा विषय तूर्तास बंद. जेवणाच्या बाजूने काही सुरू करता येईल का? रात्री मी जेवते ते कामाचे मेल वाचतच.

*

रानवाट

मग उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात जेवणाचे नियम आहेत: अन्न गरम, स्निग्ध, मात्रेत असावं, आधीचं पचल्यावर जेवावं, फार घाईने नाही, फार रेंगाळतही नाही, बडबड न करता, 'तन्मना भुञ्जीत', जेवणातच मन ठेवून. यातलं सगळं एकदम करू नका. मेल बंद करून जेवणं एवढंच सध्या. आणि झोपेच्या बरंच आधी जेवा.

*

अनाहत

आणि कुतूहल, तेल लावणार असाल तर एक पथ्य. अपचन झालं असेल, ताप किंवा कफ झाला असेल, त्या दिवशी अभ्यंग नको. जेवल्यावर लगेचही नको. थायरॉइडची तपासणी अलीकडे झाली नसेल तर ती करून घ्या. गोळीची मात्रा जास्त झाली तरी झोप उडते आणि धडधडतं, आणि तो त्रास कितीही तेल चोळलं तरी जाणार नाही.